नदीला घातलेले खत

पावसाळा संपेल तेव्हा पुण्याच्या नद्यांचे पाणी उतरलेले असेल. श्रावण-भाद्रपदात गढूळ होऊन फुगलेल्या मुळा, मुठा आणि पवना आता बंधाऱ्यांमागे संथ झालेल्या असतील. पुलाच्या खांबांना अडकलेल्या चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या गुंत्यात जलपर्णीची चार-दोन रोपे पुरातूनही तग धरून राहिलेली दिसतील. त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नाही. संक्रांतीच्या सुमारास त्यांचे पुंजके होतात. होळीपर्यंत काठापासून काठापर्यंत हिरवा थर पसरतो. चैत्र-वैशाखात डासांनी नदीकाठच्या सोसायट्या हैराण होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, तक्रारी वाढतात, निविदा निघतात आणि पोकलेन पाण्यात उतरतात. काही डंपर भरतात. मग मृग बरसतो आणि पहिल्या मोठ्या पुराबरोबर उरलेला सगळा थर भीमेमार्गे उजनी धरणाच्या दिशेने निघून जातो. पुण्यातली बातमी संपते आणि सोलापूर जिल्ह्यातली सुरू होते.

हे चक्र आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दलचे प्रश्नही ठरून गेले आहेत. यंदा किती जलपर्णी काढली? ठेका कोणाला मिळाला? काम वेळेत का झाले नाही? हे प्रश्न रास्तच आहेत. पण ही वनस्पती एवढी फोफावते ती कशाच्या जोरावर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला नदीत फार खोल उतरावे लागत नाही. ते आपल्या मोरीत आणि संडासात सापडते.

एक रोप हातात घेतले तर

दापोडीजवळ, पवना मुळेला मिळते त्या भागात, काठाशी लागलेले जलपर्णीचे एक रोप उचलून बघावे. ते अपेक्षेपेक्षा हलके लागते. पानांचे देठ मध्येच फुगलेले असतात. नखाने देठ चिरला तर आत पांढरा, भुसभुशीत गर दिसतो आणि त्यात हवेचे असंख्य कप्पे असतात. त्यांच्यामुळेच रोप तरंगते. पान गोलसर, जाड, तुकतुकीत. खाली मुळांचा झुपका जांभळट काळा, पिसासारखा. तो झटकला की काळा गाळ, बारीक गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या खाली पडतात. मुळाच्या वरच्या भागातून करंगळीएवढी आडवी फांदी बाहेर गेलेली असते आणि तिच्या टोकाला तसेच, पण लहान रोप असते. त्या लहान रोपाची स्वतःची मुळे सुटलेली असतात आणि त्यातूनही नवी फांदी डोकावत असते. लाटेने किंवा पोकलेनच्या दातांनी फांदी तुटली, तर एका रोपाची दोन झाली, एवढेच.

पोषक पाणी आणि ऊन असले की जलपर्णीची संख्या साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. बारा दिवसांचा हिशेब धरला, तर दिवाळीनंतरच्या एका रोपाची चार महिन्यांत हजारावर रोपे होतात. पुलाच्या खांबाला अडकलेली शंभर रोपे होळीपर्यंत लाखाच्या घरात जातात. ती काढायला सर्वांत स्वस्त काळ कार्तिक-मार्गशीर्षाचा. तेव्हा एक होडी आणि चार माणसे पुरतात. फाल्गुनात त्याच कामाला यंत्रे आणि कोट्यवधी रुपये लागतात. बहुतेक ठिकाणी आपण फाल्गुनात जागे होतो.

जलपर्णीचे फूल मात्र देखणे असते. फिकट जांभळ्या पाकळ्या आणि वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका. या फुलासाठीच माणसाने तिला दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातून उचलले आणि एकोणिसाव्या शतकात जगभरच्या बागांतल्या हौदांत नेऊन ठेवले. तिथून ती निसटली. तिच्या मूळ प्रदेशात तिला खाणारे किडे होते. ते मागेच राहिले. फुलांतून बी तयार होते आणि ते तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. तरी तिच्या जगभरच्या प्रसारात बियांचा वाटा थोडाच. जनुकीय अभ्यासांत असे आढळले आहे की मूळ मुलखाबाहेर पसरलेल्या जलपर्णीचा फार मोठा भाग एकाच वाणाच्या फांद्याफांद्यांतून वाढलेला आहे. आफ्रिकेतल्या तळ्यातले रोप आणि आशियातल्या नदीतले रोप जनुकांच्या दृष्टीने अनेकदा एकच असते.

जैवविविधतेवर काम करणाऱ्या ‘इप्बेस’ या आंतरसरकारी मंचाने २०२३ मध्ये आक्रमक परकीय प्रजातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक पसरलेली प्रजाती म्हणून पहिले नाव जलपर्णीचे आहे. दुसरे नाव आपल्या डोंगरउतारांवर माजलेल्या घाणेरीचे.

थराखालचा अंधार

वरून दिसते ती हिरवाई, पण खरी उलथापालथ पाण्याच्या आत होते. नदीत किंवा तळ्यात सूक्ष्म शैवाल आणि पाण्याखालच्या वनस्पती दिवसा प्राणवायू तयार करतात. काही प्राणवायू पृष्ठभागावरून हवेतून विरघळतो. जलपर्णीचा दाट थर ऊन अडवतो, त्यामुळे खालची हिरवी वाढ मरते. तोच थर वाऱ्याला पाणी ढवळू देत नाही, त्यामुळे हवेतून येणारा प्राणवायूही घटतो. जलपर्णी स्वतः प्राणवायू तयार करते, पण तिची पाने पाण्याच्या वर असल्याने तो हवेत जातो. खाली मात्र कुजणारी पाने आणि मुळे सडत असतात आणि सडण्याच्या क्रियेत जीवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात.

अशा पाण्यात कोण टिकते? मरळीसारखे वर येऊन हवेतून श्वास घेणारे मासे टिकतात. चिलापीसारखा काटक परकीय मासाही तग धरतो. स्वच्छ, वाहत्या पाण्यातले स्थानिक मासे आधी दूर जातात आणि जायला जागा नसेल तर मरतात. थर तुरळक असेल तर त्याच्या मुळांत लहान मासे आसरा घेतात, पाणकोंबड्या आणि कमळपक्षी त्यावरून चालतातही. थर सलग झाला की ती सोय संपते. बुडी मारून मासा पकडणाऱ्या पाणकावळ्याला पाणीच दिसत नाही. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या जलाशयात हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात आणि वरच्या गावा-शहरांतून गोदावरीबरोबर आलेली जलपर्णीही तिथेच येऊन थांबते.

डासांचेही तसेच. नदीकाठी त्रास देणारे क्युलेक्स डास घाणेरड्या, साचलेल्या पाण्यात वाढतात. जलपर्णी पाणी अडवते, लाटा शमवते आणि अळ्या खाणाऱ्या माशांना त्या जागेपासून दूर ठेवते. मॅन्सोनिया गटातल्या डासांच्या अळ्या तर तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना टोचून तिथूनच श्वास घेतात. हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा प्रसार हेच डास करतात.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. पाण्यातली प्रत्येक वनस्पती शत्रू नसते. पाणकणीस, कुमुद, कमळ, शिंगाडा आणि पाण्याखाली वाढणाऱ्या कितीतरी वनस्पतींवर तळ्याचे जीवन उभे असते. भंडारा-गोंदिया भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढीवर समाजातल्या मासेमार महिलांनी बेशरमसारखी झुडपे उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणती वनस्पती उपटायची आणि कोणती लावायची हे त्यांना पक्के ठाऊक आहे, कारण कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने अंडी घालतो हे त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. शहरात ‘तळे स्वच्छ करा’ म्हणून सरसकट सगळेच उपटून काढले जाते, तेव्हा ही पारख हरवते.

बंगालचा धडा

जलपर्णी सरकारांना जेरीस आणू शकते, हे आपल्या देशाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात शिरलेली ही वनस्पती विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत पूर्व बंगालच्या नद्या, खाड्या आणि भातखाचरांवर पसरली. होड्या अडकल्या, पाण्यात उभे असलेले भात दबले, मासेमारी थंडावली. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. काहींना यात धंदा दिसला. जलपर्णीच्या राखेत पोटॅश असते, तेव्हा तिचे खत करून विकावे, अशा योजना पुढे आल्या. दुसरीकडे ती समूळ नष्ट करायचे आदेश निघत होते. एकाच वेळी पीक आणि तण अशा दोन्ही नजरांनी तिच्याकडे पाहिले गेले आणि त्या गोंधळात वर्षे गेली. अखेर १९३६ मध्ये बंगालमध्ये जलपर्णीविरोधी कायदाच झाला. आपल्या जागेत ती राहू देणे हा गुन्हा ठरला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीचे निर्मूलन हे राजकीय पक्षांचे आश्वासन होते.

अमेरिकेतही असेच घडले. लुइझियानातल्या कालव्यांमध्ये जलपर्णी माजली तेव्हा तिथले खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी १९१० मध्ये संसदेत विधेयक मांडले की आफ्रिकेतून पाणघोडे आणून या पाण्यांत सोडावेत. ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल. विधेयक मंजूर झाले नाही. काही ठिकाणी जलपर्णीवर आर्सेनिकयुक्त विष फवारले गेले आणि त्याने गुरे दगावली.

कापणे, जाळणे, विकणे, विष घालणे हे सगळे उपाय शंभर वर्षे जुने आहेत. आपल्याकडच्या निविदांत आणि सूचनांत अजूनही तेच फिरून फिरून येतात.

डंपरचा हिशेब

शेताला रोज खत घालायचे आणि वर्षातून एकदा खुरपणी करायची, तसा आपला नदीशी व्यवहार आहे. हे खत किती, याचा ढोबळ हिशेब कोणालाही मांडता येतो. माणूस दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने खातो. त्यातले जवळपास १० ग्रॅम नत्र शरीराबाहेर पडते, मुख्यतः लघवीतून. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून ४८ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच रोजचे सुमारे ४८ टन नत्र. सगळेच्या सगळे नदीत जात नाही हे खरे, पण निघते एवढे.

आता जलपर्णीकडे वळू. तिच्या ओल्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. एक टन ओली जलपर्णी वाळवली तर जेमतेम ५० किलो उरते आणि त्यात नत्र दोनेक टक्के, म्हणजे एक किलो. दुसऱ्या शब्दांत, एक टन जलपर्णी डंपरमध्ये भरली की शंभर माणसांचे एका दिवसाचे नत्र पाण्याबाहेर गेले. ४८ लाख माणसांचे एका दिवसाचे नत्र अशा रीतीने काढायचे, तर रोज ४८ हजार टन जलपर्णी उचलावी लागेल. जगातली कोणतीही महापालिका हे करू शकणार नाही. जलपर्णी काढणे गरजेचे आहे, कारण डास, पूर आणि मासे यांचा प्रश्न आजचा आहे. पण त्याने नदी शुद्ध होते असे मानणे हिशेबाला धरून नाही.

मग सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे काय करतात? बहुतेक केंद्रांची रचना सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी झालेली आहे. सांडपाण्यात हवा सोडली जाते, जीवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी नितळ होऊन बाहेर पडते. जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, उतरते. नदीला त्याचा मोठा फायदा होतो. पण घाणीतले नत्र या क्रियेत बरेचसे अमोनिया आणि नायट्रेटच्या रूपात पाण्यातच राहते आणि स्फुरदही मोठ्या प्रमाणात उरते. युरियाची गोणी शेतात जे देते तेच हे पाणी नदीला देते. प्रक्रिया केलेले पाणी वास मारत नाही, पण जलपर्णीला ते चांगलेच मानवते. नत्र काढायचे तर केंद्रात प्राणवायूविरहित टप्पा लागतो, जिथे जीवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. स्फुरद काढायला तुरटीसारखे क्षार किंवा खास जीवाणू लागतात. हे तंत्र नवे नाही, पण खर्चिक आहे आणि ते रोज नीट चालवावे लागते.

ते का होत नाही, याचे उत्तर कागदावर मिळते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये शुद्धीकरण केंद्रांसाठी मानकांचा जो मसुदा काढला, त्यात एकूण नत्राची मर्यादा होती. २०१७ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती मर्यादा गायब झाली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये याबद्दल नाराजी व्यक्त करून नत्र लिटरला १० मिलिग्रॅम आणि स्फुरद १ मिलिग्रॅमपर्यंत आणणारी कडक मानके लावायला सांगितले. पण शहराशहरांतली जुनी केंद्रे त्या मोजमापाने बांधलेलीच नाहीत. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ नवी केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर ठरली. अशा प्रत्येक केंद्राबाबत नागरिकांनी एवढे विचारावे: बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र किती, स्फुरद किती?

भुंगेरे आणि त्यांची मर्यादा

या लढाईत माणसाला मिळालेला सर्वांत चांगला साथीदार म्हणजे जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा एक भुंगेरा. निओकेटिना या गटातल्या दोन जाती दक्षिण अमेरिकेतून शोधून, फक्त जलपर्णीवरच जगतात याची खातरजमा करून, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस भारतात आणल्या गेल्या आणि बेंगळुरूच्या तलावांत सोडल्या गेल्या. दिवसा हे करडे-तपकिरी भुंगेरे पानांच्या बेचक्यात दडून बसतात आणि रात्री पान कुरतडतात. जलपर्णीच्या पानावर बारीक चौकोनी तपकिरी डाग दिसले, तर ते यांचेच काम. अळी देठाच्या आत बोगदा करत रोपाच्या गाभ्यापर्यंत जाते. देठातल्या हवेच्या कप्प्यांत पाणी शिरते, रोप जड होते आणि हळूहळू बुडते. याला दोन-चार वर्षे लागतात, पण एकदा जम बसला की खर्च जवळपास शून्य. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात याच भुंगेऱ्यांनी जलपर्णी मागे हटवायला मोठा हातभार लावला.

साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याच्या बाबतीत यश आणखी ठळक आहे. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात सारणीचा सातपुडा जलाशय या नेच्याने झाकून गेला होता. स्थानिक लोक त्याला ‘चायनीज झालर’ म्हणत. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तिथे सायर्टोबॅगस हा भुंगेरा सोडला आणि सुमारे दीड वर्षात पाणी पुन्हा दिसू लागले.

मग हाच उपाय पुण्याच्या नद्यांत का नको? दोन अडचणी आहेत. दरवर्षीचा पूर रोपांबरोबर किडेही वाहून नेतो आणि यंत्रे रोपांबरोबर किडेही उचलून डंपरमध्ये घालतात, त्यामुळे त्यांचा जम बसत नाही. दुसरी अडचण पोषणाची. पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असले की किडा जेवढे खातो, त्याहून वेगाने रोप नवी पाने काढते. हे दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टबीसपूर्ट धरणात स्पष्ट दिसले आहे. जोहान्सबर्ग परिसराचे सांडपाणी या धरणात येते. तिथल्या शास्त्रज्ञांनी मेगामेलस नावाचा रस शोषणारा किडा मोठ्या संख्येने वाढवून पुन्हा पुन्हा सोडला आणि जलपर्णी खूपच कमी केली. पण पाण्यातले खत तसेच होते. मोकळ्या झालेल्या जागेत साल्व्हिनियाची एक जात पसरली आणि तिच्यासाठी वेगळा भुंगेरा सोडावा लागला. जलपर्णी गेली म्हणून खत संपत नाही. त्यावर दुसरे काहीतरी वाढते, कधी साल्व्हिनिया, कधी पाणी हिरवेगार करणारे विषारी नील-हरित शैवाल.

जलपर्णीपासून टोपल्या, चटया, कागद, बायोगॅस करण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आसामात तिच्या वाळलेल्या देठांच्या वस्तूंनी अनेक स्त्रियांना रोजगार दिला आहे आणि त्याचे मोल आहे. पण ९५ टक्के पाणी वाहून नेण्याचा खर्च कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. शिवाय ही वनस्पती मुळांत शिसे, कॅडमियमसारखे धातू साठवते. औद्योगिक शहरातल्या नदीतून काढलेल्या जलपर्णीचे खत तपासणीशिवाय भाजीच्या वाफ्यात घालणे धोक्याचे आहे.

उजनीला काय मिळते

पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा एक होतात, त्या पुढे भीमेला मिळतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. आणि भीमा उजनीत थांबते. एकूण ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणातले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठा आहे. म्हणजे वरून आलेले नत्र-स्फुरद बऱ्याच प्रमाणात तिथेच मुरते. भिगवण, कुंभारगावला रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला पुण्याहून गाड्या येतात. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात एके काळी मिळणारे वाम, मरळ, शिंगाडा हे मासे आता कमी झाले आहेत आणि चिलापी वाढला आहे. जलपर्णीचे तरंगते पट्टे जाळ्यांत अडकतात, होडीची वाट अडवतात, जाळे फाटले तर त्या दिवसाची कमाई जाते. याच धरणाच्या पाण्यावर सोलापूर शहर तहान भागवते आणि हेच पाणी आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या चंद्रभागेत सोडले जाते. पुण्याने जलपर्णीसाठी खर्च केला असे आपण म्हणतो, तेव्हा भिगवणच्या मच्छीमाराने आणि सोलापूरच्या पाणीपुरवठ्याने किती सोसले, हे कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

यातून मार्ग आहे आणि तो अवाक्यातला आहे. दिवाळीनंतरच रोपे वेचायला हवीत. त्यासाठी निविदेची तारीख बदलावी लागेल, यंत्र नव्हे. शुद्धीकरण केंद्रांच्या करारांत नत्र आणि स्फुरद यांच्या मर्यादा लिहून त्यांवरच देयक द्यायला हवे. प्रक्रिया केलेले पाणी नदीऐवजी शेताकडे वळवले, तर तेच नत्र पिकाला मिळेल. मुंढव्याहून कालव्यात पाणी सोडून हा प्रयोग सुरू झालेला आहे, पण त्या पाण्याच्या दर्जाबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आधी सोडवायला हव्यात. कपडे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर युरोपीय संघाने २०१३ पासून मर्यादा घातली आहे. आपल्यालाही ती घालता येईल. आणि ज्या स्थिर तलावांत पूर येत नाही, तिथे सांडपाण्याचे नाले आधी वळवून मग भुंगेरे सोडावेत.

या सगळ्याची सुरुवात एका साध्या मागणीने होऊ शकते. महापालिकेने दर महिन्याला प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आणि प्रत्येक मोठ्या पुलाखाली नदीतले नत्र आणि स्फुरद मोजावे आणि तो आकडा पाणीपट्टीच्या बिलावर छापावा. आपण किती पाणी घेतले हे ते बिल सांगतेच, आपण नदीला काय परत दिले हेही त्याने सांगावे. हा आकडा घटत गेला तर जलपर्णी आपोआप कमी होईल. तो घटला नाही, तर कितीही डंपर भरले तरी दोष वनस्पतीचा नाही, आपला आहे, हे भिगवण आणि सोलापूरच्या लोकांना कागदावर दाखवून हिशेब मागता येईल. तो मागण्याचा त्यांचा हक्क पुण्याने आजच मान्य करायला हवा.